मिनीची मागची सबफ्रेम नवी, तरी खडखड तीच: दोष कुठे शोधायचा

जुनी मिनी असलेल्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं धरणारी पोलादी चौकट, गंजली म्हणून नवी घातली, चांगलाच खर्च झाला, आणि थोड्याच महिन्यांत खड्ड्यावरून जाताना मागून पुन्हा खट्ट आवाज. गाडी सरळ रस्त्यावर किंचित तिरकी चालते. मागचं एक टायर आतल्या कडेने झिजतं. मग माणूस दुसरी सबफ्रेम शोधायला लागतो.

दुसरी शोधू नका. निदान एवढ्यात तरी नको. अशा गाड्यांत नवी सबफ्रेम बहुधा ठीकच असते. ती ज्या पत्र्याला बोल्ट केली आहे तो पत्रा, किंवा जुन्या फ्रेमवरून काढून तशीच नवीवर चढवलेली झिजकी सामग्री, यातच काहीतरी दडलेलं असतं. सबफ्रेम बदलणं हे काम मोठं, त्यामुळे ते झालं की सगळं नवं झालं असं वाटतं. पण चाक धरणारा हात जुना, त्याचं बेअरिंग जुनं, आणि नट जिथे पकडतो तो पत्राही जुनाच राहतो.

इथे मिनी म्हणजे अॅलेक इसिगोनिस यांनी रेखलेली, १९५९ ते २००० या काळात बनलेली छोटी गाडी. नंतरच्या बीएमडब्ल्यूच्या मिनीशी या मजकुराचा संबंध नाही. जुन्या मिनीला स्वतंत्र चासी नाही. बॉडीच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन पोलादी चौकटी, म्हणजेच सबफ्रेम, बोल्टने लावलेल्या असतात. पुढच्या चौकटीत इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन असतं. मागच्या चौकटीत दोन्ही मागची चाकं धरणारे दोन रेडियस आर्म. स्प्रिंगऐवजी अभियंते अॅलेक्स मोल्टन यांचा रबरी कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा ठोकळा, आणि मागच्या बाजूला तो चौकटीच्या आत आडवा बसवलेला. म्हणजे चाकाला बसणारा प्रत्येक धक्का आधी या चौकटीत आणि मग चार माउंटमधून, म्हणजे चौकट बॉडीला जोडणाऱ्या जागांमधून, बॉडीत जातो. त्या चारपैकी दोन माउंट पुढे, मागच्या सीटखालच्या उभ्या पत्र्याला असतात. या पत्र्याला हीलबोर्ड म्हणतात. उरलेले दोन मागे, डिकीच्या तळाला.

मागची फ्रेम पुढच्यापेक्षा फार लवकर सडते. पुढच्या फ्रेमवर इंजिनातून गळणारं तेल बसत राहतं, तेच तिचं रक्षण करतं. मागच्या फ्रेमच्या वाट्याला येतो तो चाकाने उडवलेला चिखल. फ्रेमच्या बाजू पोकळ पेटीसारख्या असतात, चिखल आत शिरतो आणि तिथेच राहतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे हा गंज आतून सुरू होऊन बाहेर दिसेपर्यंत पत्रा कागदाइतका उरतो. कोकण किनाऱ्याजवळ ठेवलेल्या गाडीलाही खारी हवा हेच करते, फक्त जरा सावकाश.

आता निदान. आवाज कुठून येतो हे गाडी चालवून कळत नाही, कारण मिनीची बॉडी आवाज सगळीकडे पसरवते. गाडी उभी करूनच शोधा.

मागचं चाक जमिनीपासून उचला, स्टँड लावा, आणि चाक वर-खाली धरून, म्हणजे बाराच्या आणि सहाच्या जागी, हलवून बघा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर रेडियस आर्मच्या आतल्या बेअरिंगचा. हा आर्म एका पिनेवर फिरतो. पिनेच्या एका टोकाला सुयांचं बेअरिंग असतं, दुसऱ्या टोकाला कांस्याचा बुश. ग्रीस घालायचा निप्पल पिनेच्या बाहेरच्या टोकाला, रबरी टोपीखाली लपलेला असतो. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी ग्रीस आतल्या टोकापर्यंत पोहोचेलच असं नाही. पिन झिजली की चाक वरून आत झुकतं, टायर आतल्या कडेने खातं, आणि खड्ड्यावर ठोका बसतो. ‘नवी सबफ्रेम, जुनी खडखड’ या तक्रारीतल्या कितीतरी गाड्यांचं उत्तर इथेच मिळतं. नवा बुश ठोकला की तो रीमरने नेमक्या मापात घासावा लागतो. ते साधन घरी नसेल तर आर्म कारखान्यातून तयार करून आणा, कारण बुश तिरका घासला गेला तर नवं बेअरिंगही लवकर जातं.

आर्म ठीक असेल तर मग माउंट. फ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी कांब) घालून हलका दाब द्या. रबर थोडं दबलं तर ठीक. पण धातूवर धातू आपटल्याचा टक्क आवाज आला, किंवा माउंटभोवतीचा पत्राच हलताना दिसला, तर काम वाढलं असं समजा. टॉर्चच्या उजेडात बोल्टच्या डोक्याभोवती बघा. ताजी चमकदार किनार किंवा तांबूस भुकटी दिसली तर तो बोल्ट सैल होऊन हलतो आहे.

तिसरी जागा नकल जॉइंट. कोनातून येणारा दांडा रेडियस आर्मला एका गोळ्याने टेकतो आणि तो गोळा प्लास्टिकच्या वाटीत बसतो. गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलली आणि शॉक अॅब्सॉर्बर सुटा असला की आर्म फार खाली लोंबतो, गोळा वाटीतून निसटतो. मग गाडी खाली उतरवताना तो परत नीट न बसता कडेवर टेकतो. परिणाम असा की एक बाजू उंच राहते, करकर आवाज येतो, आणि मालकाला वाटतं फ्रेम वाकडी आली. काम झाल्यावर गाडी खाली घेण्याआधी दोन्ही गोळे हाताने चाचपून बघणं हा एका मिनिटाचा उद्योग आहे.

आणि एक फसवी गोष्ट. ठोका क्लच सोडताना किंवा ब्रेक लावताना येत असेल तर तो मागचा नाहीच, पुढचा आहे. मिनीचं इंजिन आडवं असतं आणि त्याला मागे-पुढे डुलण्यापासून वरचा स्टेडी बार रोखतो. त्याचे छोटे रबरी बुश झिजले की इंजिन मोकळं डुलतं आणि सगळी गाडी ठोके देते. बॉनेट उघडं ठेवून, कोणाला तरी हँडब्रेकवर क्लच अर्धवट सोडायला सांगून बघा. एकदा पहिल्या गिअरमध्ये, एकदा रिव्हर्समध्ये. समोर मात्र उभे राहू नका, बाजूने बघा. इंजिन डुललं आणि सबफ्रेम स्थिर राहिली तर स्टेडी बार. सबफ्रेमच बॉडीच्या तुलनेत सरकली तर पुढच्या फ्रेमचे टॉवर बोल्ट (फ्रेमचे उभे खांब बॉडीला पकडणारे) किंवा रबरं. स्टेडीचे बुश तासाभराचं काम आहे, पण त्यांच्यापायी पुढची फ्रेम उतरवायला निघालेले लोकही भेटतात.

आता तिरकी चालणारी गाडी. पाना हातात घेण्याआधी दोरी आणि ओळंबा घ्या. सपाट जागी गाडी उभी करा, पुढच्या सबफ्रेमच्या मागच्या माउंटपासून आणि हीलबोर्डवरच्या माउंटपासून ओळंबा सोडून जमिनीवर चार खुणा करा, गाडी बाजूला घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. काही मिलिमीटरचा फरक चालतो, बोटाएवढा चालत नाही. मग दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, मोजा. सलूनचा, म्हणजे नेहमीच्या डिकीच्या मिनीचा, तो साधारण २०३६ मिलिमीटर असतो. कर्ण जुळतात पण व्हीलबेस जुळत नाही, असं निघालं तर बॉडी शाबूत आहे आणि दोष फ्रेम, आर्म किंवा माउंटच्या बुशमध्ये आहे. कर्णच जुळत नसतील तर जगातली सर्वांत चांगली सबफ्रेम आणली तरी गाडी खेकड्यासारखीच चालणार. आधीच्या मालकाने कधीतरी हीलबोर्डची टोकं किंवा सिल (दाराखालची पोकळ पट्टी) बदलताना बॉडीला नीट आधार दिला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

हीलबोर्ड या सगळ्याचं मूळ आहे. सिलची मागची टोकं इथेच येऊन मिळतात, आणि जुन्या सिलवर नवा पत्रा चढवायची वाईट पद्धत मिनीच्या बाबतीत फार चालते. आत पाणी साठतं आणि गंज आडवा सरकत माउंटच्या नटापर्यंत येतो. बॉडीत वेल्ड केलेला नट पत्र्यासकट सुटतो आणि बोल्ट नुसता फिरत राहतो. अशा वेळी काही ठिकाणी मोठा वॉशर आणि लांब बोल्ट घालून वेळ मारून नेतात. तो वॉशर कुजक्या पत्र्याला दाबत राहतो, पत्रा हळूहळू बसतो, बोल्ट सैल पडतो आणि खडखड परत येते. वर्षाकाठी पुन्हा पुन्हा येणारा आवाज याच जातीचा असतो.

ब्रिटनमधल्या एमओटी या वाहनाच्या वार्षिक तपासणीत सस्पेन्शनच्या माउंटपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणाऱ्या पत्र्याला पोखरणारा गंज असेल तर गाडी नापास होते, ते उगाच नाही. पण २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना त्या तपासणीतून सूट आहे. माझ्या मते मिनीच्या बाबतीत ही सूट घेऊ नये. स्वखुशीने तपासणीला न्या. वर्षातून एकदा परक्या माणसाने टॉर्च घेऊन खालून बघितलेलं बरं.

हीलबोर्डचं वेल्डिंग करायचं ठरलं तर जुनी सबफ्रेम फेकू नका. ती गंजकी असली तरी सरळ असेल तर तीच तुमचा साचा. नव्या पत्र्याला आधी टाके मारा, फ्रेम चारही माउंटला हलकी लावून बघा, बोल्ट हाताने शिरतात याची खात्री करा, आणि मगच पूर्ण वेल्ड ओढा. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो, तेव्हा एका बाजूला सलग काम न करता आलटून पालटून करा. पेट्रोलची टाकी डिकीत आहे आणि नळी खालून जाते, हे लक्षात ठेवून टाकी आधी बाहेर काढा. नुसती रिकामी करून भागत नाही, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची.

एवढं झाल्यावरही नवी फ्रेम हवीच असेल तर निवड करताना पहिला प्रश्न ड्राय (रबरी कोनची) की वेट (द्रवाची). १९६४ पासून १९७१ पर्यंत बऱ्याच मिनींना रबरी कोनऐवजी हायड्रोलास्टिक म्हणजे द्रवाचं सस्पेन्शन होतं. पुढच्या आणि मागच्या चाकाचे डिस्प्लेसर, म्हणजे द्रवाने भरलेले डबे, प्रत्येक बाजूला नळीने जोडलेले असतात. व्हॅन, इस्टेट आणि पिकअप मात्र कायम कोनवरच राहिल्या. वेट आणि ड्राय फ्रेम एकमेकींच्या जागी चालत नाहीत. वेट गाडीला एरवीचे शॉक अॅब्सॉर्बर नसतात, त्यामुळे ड्राय करायची तर फ्रेमबरोबर शॉकच्या जागाही बॉडीत तयार कराव्या लागतात. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली फ्रेम याच घोळात अडकते. हायड्रोलास्टिक गाडीचा दाब उतरवायला आणि परत भरायला खास पंप लागतो. तो नसेल तर नळी पान्याने सोडू नका, आत बराच दाब असतो.

पुढच्या फ्रेमसाठी १९७६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याआधीच्या फ्रेम बॉडीला थेट घट्ट बसायच्या, प्रत्येक टॉवरला दोन-दोन बोल्ट. १९७६ पासून रबरावर बसणारी फ्रेम आली, प्रत्येक टॉवरला एक मोठा बोल्ट. शिवाय ऑटोमॅटिकची फ्रेम वेगळी आणि शेवटच्या काळातल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचीही वेगळी. नुसतं वर्ष सांगून मागवू नका. अशा गाड्यांत कधी कोणी बॉडी बदललेली असते, कधी इंजिन. गाडीखाली जाऊन बोल्ट मोजा, फोटो काढा, विकणाऱ्याला तो दाखवा.

मूळ साच्यावरची फ्रेम महाग पडते, स्वस्तातली नक्कल अर्ध्या किमतीत मिळते. स्वस्त फ्रेम सगळ्या वाईट असतात असं नाही, पण घेतल्याबरोबर रंग न देता, सामग्री न चढवता, आधी गाडीला लावून बघा. भोकं दोन मिलिमीटरने चुकत असतील तर परत करा. कानस घेऊन भोक लांबवायचा मोह होतो, पण मग माउंट कुठे बसायचं ते ठरत नाही आणि चाक कायमचं तिरकं बसतं. रंगवलेली फ्रेम दुकानदार परत घेत नाही, म्हणून हा क्रम.

गॅल्व्हनाइज केलेली फ्रेम गंजाला चांगली टिकते, पण आट्यांत जस्त साठतं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ केल्याशिवाय बोल्ट लावू नका. मिनीचे बोल्ट इंची, यूएनएफ या बारीक आट्यांचे असतात. पाच सोळांश इंची बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट जाडीला जवळजवळ सारखे दिसतात, पण आट्यांचं अंतर वेगळं. ८ मिलिमीटरचा बोल्ट एखाद-दोन वळसे हाताने जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की वेल्ड केलेल्या नटाचे आटे मेलेच. भारतात इंची बोल्ट शोधावे लागतात, म्हणून फ्रेमबरोबर बोल्टचा संचही मागवून घ्या.

पावडर कोटिंग दिसायला सुरेख असतं, आणि वारंवार सैल होणाऱ्या बोल्टांचं ते एक न दिसणारं कारण आहे. बोल्ट आवळला तो धातूवर नाही, कोटिंगच्या थरावर. काही शे मैलांत थर चिरडतो, तेवढी जागा मोकळी होते, आणि बोल्टचा ताण जातो. माउंट टेकतात ती तोंडं आणि रेडियस आर्मच्या ब्रॅकेटच्या जागा खरवडून धातूपर्यंत आणा, तिथे पातळ प्रायमर पुरे. मी स्वतः साधा रंग आणि आत भरपूर मेण हेच पसंत करतो. पेटीच्या आत मेण फ्रेम जमिनीवर असतानाच फवारा, गाडीला लावल्यावर कोपरे हाती लागत नाहीत. पाणी निघून जायची भोकं मात्र मोकळी ठेवा.

रबराऐवजी अॅल्युमिनियमचे घट्ट माउंट घालावेत का, असं तरुण मंडळी विचारतात. शर्यतीच्या गाडीला ठीक. रस्त्यावरच्या गाडीत आवाज असह्य होतो, आणि जो हादरा रबर खात होतं तो सरळ त्याच जुन्या हीलबोर्डला बसतो. नवं, चांगल्या प्रतीचं रबर घाला.

बसवणं खरं तर सोपं आहे. डिकीतली बॅटरी काढा. एक्झॉस्ट, हँडब्रेकची केबल आणि शॉकचं एक टोक सोडवा. ब्रेकची नळी सोडताना घाई नको, गंजलेला युनियन पिळला की पाइपही पिळतो, म्हणून नवा पाइप आधीच जवळ ठेवा. मग बॉडीला हीलबोर्डच्या पुढे, आडवी जाड फळी देऊन दोन स्टँडवर टेकवा. स्टँड कधीही सबफ्रेमखाली लावू नका, तीच तर काढायची आहे. चारही माउंटचे मिळून आठ बोल्ट सुटले की बॉडी उचलायची आणि फ्रेम चाकांसकट मागे ओढून घ्यायची. मिनी हलकी आहे, तीन-चार जण सहज उचलतात, पण खाली कोणी नसावं. आर्म, कोन आणि बेअरिंगचं काम मग उभ्याने, बाकावर होतं. मागचे कोन काढायला पुढच्यासारखं दाबायंत्र लागत नाही, शॉक सुटला आणि आर्म खाली आला की दांडा हाताने निघतो.

परत लावताना आठही बोल्ट आधी बोटांनी काही वळसे जाऊ द्या. एक माउंट पूर्ण आवळून दुसरं ओढत आणायचं नाही, तसं केलं तर फ्रेम जन्मभर ताणलेली राहते. बॉडीचे बोल्ट त्या वर्षाच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. माउंटच्या रबरातून जाणाऱ्या पिनेचे नट मात्र मी गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळतो, म्हणजे रबर पिळलेल्या अवस्थेत अडकत नाही.

नवे कोन घातले असतील तर गाडी सुरुवातीला मागून उंच दिसेल. रबर बसायला काही आठवडे जातात. तोवर उंची जुळवत बसू नका आणि अलाइनमेंटलाही जाऊ नका. रबर बसलं की मागच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं पुढच्या कडेला किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते, मोजून घ्या. दोन्ही चाकं मिळून सुमारे ३ मिलिमीटर आत वळलेली असावीत. पुढची उलट, साधारण दीड मिलिमीटर बाहेर. मागचा टो मूळ गाडीत बदलता येत नाही, पण रेडियस आर्मच्या बाहेरच्या ब्रॅकेटला शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून किंवा जुळवता येणारी ब्रॅकेट लावून तो दुरुस्त होतो. एका बाजूचा टो बरोबर आणि दुसरीचा फार चुकलेला निघाला तर लगेच शिम घालू नका. आधी त्या बाजूच्या आर्मची पिन पुन्हा हलवून बघा, मग हीलबोर्डवरच्या माउंटचे बोल्ट.

बोल्ट पहिल्या दोनेकशे मैलांनंतर पुन्हा आवळून बघायचेच असतात. त्या वेळी प्रत्येक डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या सर्व्हिसला रेघ तुटलेली दिसली तर कुठला बोल्ट हलला ते टॉर्च फिरवताच कळतं. तोच बोल्ट दुसऱ्यांदा हलला तर तो नुसता आवळून सोडू नका, काढा आणि नटामागचा पत्रा बघा.